'महादेव कोळी' आणि 'कोळी महादेव' : एका नामवादाचा इतिहास

१

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांपैकी तीन ठिकाणच्या दानलेखांत दात्याचा उल्लेख 'यवन' असा आलेला आहे. इरिल, चिट आणि चंद ही त्या दात्यांची नावे. एकाने पाण्याच्या दोन पोढी खोदवून दिल्या, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप करविला, तिसऱ्याचे दान गर्भद्वाराचे आहे. 'यवन' म्हणजे ग्रीकच, की पश्चिमेकडून आलेला कोणीही परदेशी, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. इरिल आणि चिट यांच्या नावांलगत येणाऱ्या 'गत' या शब्दाचा वाद तर त्याहून चमत्कारिक आहे. १९१२ मध्ये स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने 'गत' म्हणजे युरोपातील गॉथ लोक, असा तर्क मांडला. पुढील अभ्यासकांनी त्याविषयी शंका उपस्थित केल्या. हा सारा वाद विद्वत्तेच्या दृष्टीने मोलाचा आहे. परंतु त्याचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी इरिलाच्या पोढीतील पाणी कमी होत नाही, की चिटाच्या वंशजाला नोकरी सोडावी लागत नाही.

याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात आणि त्याला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या लोकांच्या नावाचा वाद मात्र वेगळ्या प्रकृतीचा आहे. मीना, कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, निमगिरी, चावंड, जीवधन यांच्या पायथ्यांपासून भीमाशंकर-आहुपे परिसरापर्यंत वस्ती करून असलेल्या या लोकांना बोलीत 'महादेव कोळी' म्हणतात. भारतीय संविधानान्वये निघालेल्या अनुसूचित जमातींच्या यादीत हेच नाव 'कोळी महादेव' असे आहे. दोन शब्दांच्या या स्थानबदलाभोवती महाराष्ट्रात प्रमाणपत्रांची, तपासणी समित्यांची, आंदोलनांची आणि न्यायालयीन निकालांची जी मोठी संहिता उभी राहिली आहे, ती समीक्षेच्या अभ्यासकांनी क्वचितच वाचलेली आहे. प्रशासन आणि कायदा यांचा हा विषय आहे, असे मानून आपण तो बाजूला ठेवतो. वस्तुतः शब्दाला अर्थ कोठून मिळतो, तो कोण निश्चित करतो आणि एकदा निश्चित केलेला अर्थ पुन्हा का हलू लागतो, हे अर्थमीमांसेचे मूलभूत प्रश्न येथे जितक्या उघडपणे दिसतात तितके ते एखाद्या कवितेच्या अर्थाविषयीच्या मतभेदातही दिसत नाहीत.

आपल्या शास्त्रपरंपरेने शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ लागतो तो यौगिक. अवयवार्थ बाजूला सारून लोकप्रसिद्धीने जो अर्थ देतो तो रूढ. आणि 'पंकज'सारखा, अवयवार्थ कायम ठेवूनही एकाच वस्तूपुरता ठरून गेलेला, तो योगरूढ. पतंजलीने याखेरीज यदृच्छाशब्दाचा, म्हणजे कोणीतरी ठेवले म्हणून चालणाऱ्या नावाचा, वेगळा निर्देश केला आहे. अलीकडील भाषातत्त्वज्ञानात विशेषनाम हे वर्णनाचा संक्षेप असते की वर्णनावाचून केवळ निर्देश करते, हा प्रश्न सोल क्रिप्की यांच्या १९७० मधील व्याख्यानांनी पुन्हा ऐरणीवर आणला. प्रस्तुत नामवादात हे सगळे पक्ष हजर आहेत. यादी शब्दाला निव्वळ नाव करू पाहते. वाद घालणारे त्याचे यौगिक वाचन करीत राहतात. आणि निर्णय देणाऱ्यांना शेवटी वर्णनाचाच आधार घ्यावा लागतो. या तीन क्रियांचा परस्परसंबंध इतिहासक्रमाने पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

२

'कोळी' या शब्दाचे मराठीतील अर्थ आधी पाहू. आजच्या प्रमाण मराठीच्या वाचकाला या शब्दाने प्रथम समुद्रकिनाऱ्यावरील मासेमार आठवतो. होडी, जाळे आणि नारळी पौर्णिमा ही त्याची चित्रसामग्री. दुसरा अर्थ देशावरील गावगाड्यात पाणी भरणाऱ्याचा. तिसरा, जाळे विणणाऱ्या जीवाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर नाचणी-वरई पिकविणारा, हिरडा गोळा करणारा डोंगरी शेतकरी हा अर्थ या शब्दापासून शहरी वाचकाच्या मनात आपोआप उमटत नाही. तो उमटावा म्हणून मागे 'महादेव' हे पद लागते. सोन, वैती, पानभरे, मल्हार, ढोर, टोकरे अशी पदे लागून 'कोळी' हे नाम महाराष्ट्रातील अनेक, एकमेकांशी रोटीबेटीचा संबंध नसलेल्या समूहांना वाटून दिले गेलेले आहे. म्हणजे येथे विशेष्य संदिग्ध आणि विशेषण निर्णायक अशी स्थिती आहे.

'महादेव' या पदाचेही एकच स्पष्टीकरण नाही. ते उपास्य दैवतावरून आले असे मानणारे आहेत. बालाघाटाकडील महादेवाच्या डोंगरांतून हे लोक आले, या परंपरेशी ते जोडणारेही आहेत. पहिले स्पष्टीकरण धरले तर नावात धर्म येतो, दुसरे धरले तर भूगोल येतो. पुढे जो वाद माजला त्याची बीजे या दुहेरी व्युत्पत्तीतच आहेत.

या लोकांविषयीचे पहिले विस्तृत लेखन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात केले. त्याचा हेतू विद्याव्यासंगाचा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सह्याद्रीतील बंडे मोडून काढण्याच्या कामगिरीवर असताना ज्यांना पकडायचे त्यांचीच माहिती तो लिहीत होता, हे विसरता येत नाही. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये निघाला आणि १९२० ते १९२२ या काळात एन्थोव्हेनचे जातीजमातींविषयीचे तीन खंड प्रसिद्ध झाले. या ग्रंथांनी आधीच्या नोंदींचा आधार घेतला, काही ठिकाणी त्या संक्षिप्त केल्या, काही ठिकाणी वाढविल्या. एखाद्या पोथीच्या पाठपरंपरेचा अभ्यास करावा तसा या वर्णनांचा अभ्यास करावा लागतो. कारण एका लेखकाचे निरीक्षण दुसऱ्याच्या ग्रंथात प्रमाण होते आणि तिसऱ्याच्या ग्रंथात ते 'वैशिष्ट्य' म्हणून स्थिरावते.

नोंदींची भाषा किती पक्षपाती असू शकते याचे एक उदाहरण आंबेगाव तालुक्यातीलच आहे. जांभोरीचे होनाजी भागोजी केंगले यांनी १८७३ पासून पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे या जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव केला. जमिनी गिळणाऱ्या सावकारांची नाके कापली गेल्याच्या हकिगती सरकारी कागदांत आहेत. १८७६ मध्ये ते पकडले गेले. इंग्रजी दप्तरात त्यांचे नाव 'होन्या' असे आहे. मराठी भाषकाला या दोन रूपांतील अंतर सांगावे लागत नाही. 'होनाजी' या नावातला 'जी' गेला आणि 'या' हा प्रत्यय आला की माणूस एकाच वेळी ओळखीचा आणि तुच्छ होतो. इंग्रज अधिकाऱ्याला या प्रत्ययाचा अर्थ कळला असेलच असे नाही. त्याने फौजदाराच्या किंवा सावकाराच्या तोंडचे रूप रोमन लिपीत उतरवून घेतले. अशा रीतीने गावातील एका पक्षाचा सूर सरकारी सत्य होऊन बसला. अकोले भागातील राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यास फाशी देण्यात आले. त्यांच्या संदर्भातही 'दरोडेखोर', 'बंडखोर' आणि 'आद्य क्रांतिकारक' ही तीन नामे तीन वेगळ्या कालखंडांची आणि तीन वेगळ्या वाचकवर्गांची आहेत. सत्तावन्नच्या 'बंडा'चे 'स्वातंत्र्यसमर' झाले त्या प्रक्रियेचेच हे डोंगरी रूप होय. फरक इतकाच की, सत्तावन्नच्या नामांतराला ग्रंथकार मिळाला. केंगल्यांच्या नामांतराला जवळपास शतकभर वाट पाहावी लागली.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वादाचे केंद्र 'कोळी'वरून अधिक व्यापक शब्दांकडे सरकले. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा 'दि अ‍ॅबोरिजिन्स—सो-कॉल्ड—अँड देअर फ्यूचर' हा ग्रंथ १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केला. शीर्षकातील 'तथाकथित' या अर्थाचे शब्द हाच त्या ग्रंथाचा युक्तिवाद आहे. ज्यांना 'मूळ रहिवासी' म्हटले जाते ते मागासलेले हिंदूच होत, अशी घुर्यांची भूमिका होती आणि तिचा रोख व्हेरिअर एल्विन यांच्या संरक्षक, अलगतावादी वाटणाऱ्या प्रतिपादनाकडे होता. याच ग्रंथाची १९५९ ची आवृत्ती 'दि शेड्यूल्ड ट्राइब्ज' या नावाने निघाली. ग्रंथाचे प्रतिपादन मूलतः तेच राहिले. शीर्षक मात्र राज्यघटनेच्या शब्दाने बदलले. सोळा वर्षांत एका वादग्रस्त वर्णनाची जागा एका कायदेशीर नामाने कशी घेतली, याचा हा बोलका पुरावा आहे. घुर्यांनी महादेव कोळ्यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले, म्हणजे व्यापक सिद्धान्ताची कसोटी त्यांनी याच समूहावर लावून पाहिली, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

'आदिवासी' हा शब्द जुन्नर-आंबेगावच्या बोलीत जुना नाही. १९३०च्या दशकात छोटा नागपूरमधील चळवळीने त्याला राजकीय तेज दिले. ठक्कर बाप्पांसारख्या कार्यकर्त्यांनी तो देशभर नेला. शब्दाचा यौगिक अर्थ 'आरंभापासून राहणारा' असा आहे. घुर्यांचा आक्षेप या यौगिक अर्थावर होता: आरंभ कोणता, आणि तो कोणी पाहिला? परंतु शब्द स्वीकारणाऱ्यांनी तो कालगणनेसाठी स्वीकारला नव्हता. 'रानटी' आणि 'जंगली' या शब्दांच्या जागी स्वतःचा मान राखणारा एक शब्द त्यांना हवा होता. योगरूढ शब्दाच्या केवळ योगावर हल्ला चढविणे ही जी चूक आपण अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला दाखवून देतो, तीच या वादात पुनःपुन्हा झालेली आहे.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये हा प्रश्न स्पष्टपणे आला. जयपालसिंग मुंडा यांनी भाषांतरात 'बनजाति' शब्द वापरण्यास हरकत घेतली आणि 'आदिवासी' हा शब्द का नाही, असे विचारले. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा होता की, 'आदिवासी' हा सर्वसाधारण शब्द असून त्याला ठाम कायदेशीर अर्थ नाही. 'अनुसूचित जमाती' या संज्ञेला मात्र तो आहे, कारण तीत जमातींची गणना केलेली असते. हे उत्तर शब्दार्थविचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. व्याख्या दोन प्रकारे करता येते: लक्षण सांगून किंवा घटकांची यादी देऊन. आंबेडकरांनी दुसरा मार्ग स्वीकारला. लक्षण सांगितले की अतिव्याप्ती आणि अव्याप्तीचे दोष येतात. यादीला ते दोष येणार नाहीत, अशी त्यामागील अपेक्षा होती. ज्यांच्या हक्कांचे रक्षण करावयाचे आहे त्यांच्या हक्कांचा निकाल दर वेळी पंडितांच्या वादावर सोडू नये, हा त्यातील व्यवहारी आणि न्याय्य विचार होता.

याउलट 'वनवासी' हा शब्द पाहा. १९५२ मध्ये रमाकांत केशव देशपांडे यांनी जशपूर येथे स्थापन केलेल्या वनवासी कल्याण आश्रमामुळे तो संस्थेच्या नावात रुजला. त्याचे समर्थक म्हणतात की, सर्वच भारतीय येथील मूळ रहिवासी असताना काहींनाच 'आदि' म्हणणे फूट पाडणारे आहे. विरोधक म्हणतात की, 'वनवासी' म्हटल्याने आधी असण्याचा, म्हणजे भूमीवरील दाव्याचा, मुद्दाच पुसला जातो. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्कृतात 'वनवासी' हा सन्मान्य शब्द असेल. मराठी बोलीत 'वनवास' म्हणजे भोग, हालअपेष्टा. वनवास कधीतरी संपावयाचा असतो आणि माणूस घरी परतावयाचा असतो. ज्याचे घरच रानात आहे त्याला हा शब्द लावला की, त्याचे घर हीच त्याची शिक्षा ठरते. शब्द सुचविणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी भाषेच्या स्मृतीतून ही छटा वगळता येत नाही.

४

आंबेडकरांना अभिप्रेत असलेली यादी सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अस्तित्वात आली, १९५६ मध्ये सुधारली गेली आणि १९७६ च्या अधिनियमाने तिला आजचे रूप मिळाले. तो अधिनियम जुलै १९७७ पासून अंमलात आला. या आवृत्तीतिहासाला अर्थ आहे. १९७६ पूर्वी जुन्या मुंबई राज्याचा भाग, मराठवाडा आणि विदर्भ यांसाठी याद्या वेगवेगळ्या होत्या. मराठवाड्याच्या यादीत हैदराबाद राज्यापासून आलेल्या जमाती होत्या. तीत 'कोळी महादेव' नव्हते. १९७६ च्या अधिनियमाने राज्यापुरती एकच यादी केली आणि क्षेत्रबंधन उठविले. स्थलांतरित आदिवासींचा हक्क गावाची वेस ओलांडली म्हणून बुडू नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु त्याचा भाषिक परिणाम असा झाला की, आजवर ज्या नावाचा अर्थ भूगोलाने अर्धाअधिक ठरविला होता ते नाव एकाएकी भूगोलातून मोकळे झाले. भीमाशंकरच्या रानाशी, मीनेच्या खोऱ्याशी असलेला त्याचा संबंध संहितेतून गेला; उरली ती दोन पदे.

त्या दोन पदांचा क्रम आता पाहू. राज्याच्या यादीत अठ्ठाविसाव्या नोंदीत 'कोळी ढोर, टोकरे कोळी, कोलचा, कोलघा' अशी नावे आहेत. एकोणतिसाव्या नोंदीत 'कोळी महादेव, डोंगर कोळी'. तिसाव्या नोंदीत 'कोळी मल्हार'. एकाच नोंदीत 'कोळी ढोर' हा उलटा क्रम आणि 'टोकरे कोळी' हा मराठीचा स्वाभाविक क्रम शेजारी शेजारी नांदतात. मराठीत विशेषण विशेष्याच्या आधी येते. 'महादेव कोळी' ही म्हणून बोलीची रचना. 'कोळी महादेव' ही सूचीची रचना आहे: आधी कुलनाम, मग भेद. ग्रंथसूचीत किंवा शाळेच्या हजेरीपटात नाव जसे आडनावापासून लिहितात तशी. अशा सूचीत मधे स्वल्पविराम असतो. येथे तो नाही, आणि त्यामुळे सूचीतील मांडणीच नाम होऊन बसली. कोणा मराठी माणसाला 'कोळी महादेव' एवढेच ऐकविले तर त्याला हे कोळी आडनावाच्या महादेव नामक गृहस्थाचे नाव वाटेल.

ही केवळ लेखनिकाची लकब म्हणून सोडून देता आली असती. परंतु ज्या संहितेत एकाही अक्षराला हात लावता येत नाही तिच्यात लकबीलाही नियमाचे बळ येते. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'हलबा' आणि 'हलबा कोष्टी' यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे. अमुक नाव तमुक नावाचा पर्याय आहे किंवा त्यात समाविष्ट आहे, हे दाखविण्यासाठी पुरावा घेता येणार नाही. बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेचा. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर ही संहितानिष्ठेची परमावधी होय. संहितेबाहेर जायचे नाही, कर्त्याचा हेतू विचारायचा नाही, पाठभेद सुचवायचा नाही.

अशा वाचनपद्धतीत विरामचिन्ह आणि वर्ण यांना केवढी किंमत येते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. यादीतील 'गोंड गोवारी' हे एका जमातीचे नाव, की 'गोंड' आणि 'गोवारी' ही दोन, या प्रश्नामागे गोवारी समाजाची मागणी उभी होती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे राज्य शासनाने गोवारी, कोष्टी, कोळी इत्यादींसाठी विशेष मागास प्रवर्ग निर्माण केला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. 'ओरॉन, धांगड' या नोंदीतील 'ड' हा 'र'चा अपपाठ आहे, म्हणून 'धनगर' वाचावे, ही मागणीही याच जातीची. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती अमान्य केली. पोथीतील अपपाठ दुरुस्त करणारा संपादक आपल्याकडे गौरविला जातो. येथे दुरुस्ती सुचविणाऱ्याच्या मागे लाखो माणसांचा समूह असतो, आणि दुरुस्ती स्वीकारली तर दुसऱ्या समूहाच्या वाट्यात भागीदार येतो. दोन्ही बाजूंची भीती आणि आशा खरी आहे.

५

यादीने अर्थ बंदिस्त केला, तर मग वाद संपावयास हवा होता. तो संपला नाही, कारण यादी एका प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा तसाच ठेवते. कोणत्या जमाती पात्र, हे ती सांगते. समोर उभा असलेला माणूस त्या जमातीचा आहे का, हे ती सांगू शकत नाही. नाम आणि नामी यांना जोडण्यासाठी वर्णन लागतेच. जे वर्णन पुढल्या दाराने घालविले ते मागल्या दाराने परत येते.

महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरच सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. त्या प्रकरणात वडिलांच्या शालेय नोंदीत 'हिंदू कोळी' असा उल्लेख होता आणि मुलींचा दावा महादेव कोळी असल्याचा होता. दावा फेटाळला गेला आणि प्रमाणपत्रांच्या तपासणीची देशभर लागू होणारी कार्यपद्धती याच निकालाने आखून दिली. तपासणी समितीने दोन गोष्टी पाहाव्यात असे ठरले: जुने दस्तऐवज, आणि जमातीशी असलेला सांस्कृतिक आप्तभाव, म्हणजे दैवते, विधी, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या चालीरीती इत्यादी. महाराष्ट्राने पुढे या विषयाचा स्वतंत्र कायदा केला; तो २००१ पासून लागू आहे.

पहिल्या पुराव्यात शिक्षकाचे किंवा तलाठ्याचे हस्ताक्षर निर्णायक होते. पन्नासपूर्व काळात ज्याने दाखल्यावर नुसते 'कोळी' लिहिले, त्याच्यापुढे अनुसूचित जमातींची यादी नव्हती. त्याच्या दृष्टीने गावात एकच प्रकारचे कोळी असतील तर 'महादेव' लिहिण्याचे कारणही नव्हते. भाषेत वेगळेपण दाखविण्याची गरज असते तेथेच विशेषण येते. गरज नसते तेथे ते गळते. त्यामुळे मोघम नोंदीचे मौन दोन्ही बाजूंनी वाचता येते: जमातीच्या गावात ते स्वाभाविक संक्षेपाचे असते, अन्यत्र ते भिन्न समूहाचे असते. मौनाचा अर्थ संदर्भाने लावावा लागतो, आणि संदर्भ म्हणजे पुन्हा तोच भूगोल, जो १९७६ मध्ये संहितेतून वगळला गेला.

दुसऱ्या पुराव्याची अडचण अधिक खोल आहे. चालीरीतींची पडताळणी कशाशी करावयाची? अर्थात ग्रंथांतील वर्णनांशी. मॅकिंटॉश, गॅझेटिअर, एन्थोव्हेन यांच्यापासून चालत आलेली वैशिष्ट्ये प्रश्नावलीत उतरतात आणि मंचर किंवा पुण्यास वाढलेल्या मुलाला ती सांगता आली पाहिजेत, अशी अपेक्षा केली जाते. येथे मूळ आणि प्रतिकृती यांची अदलाबदल होते. पूर्वी ग्रंथ लोकांसारखा आहे का, हे पाहावयाचे असे. आता लोक ग्रंथासारखे आहेत का, हे पाहिले जाते. ज्याने पुस्तक वाचून उत्तरे पाठ केली तो उत्तीर्ण होऊ शकतो आणि ज्याच्या घरातून रीत निघून गेली तो खरा असूनही अडू शकतो. २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आप्तभावाची चाचणी ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही आणि संविधानपूर्व दस्तऐवजांना अधिक वजन आहे, असे म्हटले, त्यामागे ही जाणीव दिसते. मात्र यामुळे भार पुन्हा हस्ताक्षरावर येतो.

या वाचनाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाव्यावर मिळालेले लाभ टिकू शकत नाहीत, असा निकाल दिला. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा निर्णय घेतला. 'अधिसंख्य' हा शब्दही पाहण्यासारखा आहे: मोजणीच्या वरचा. ज्याचे नाव यादीत बसले नाही तो संख्येतही बसत नाही. दुसऱ्या बाजूस, ज्या जागा जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांमधील मुलांसाठी होत्या त्या नामसाम्याच्या बळावर वर्षानुवर्षे इतरांनी भरल्या, ही तेथील लोकांची तक्रारही तितकीच खरी आहे. आणि या तक्रारीतून आलेली कडक पडताळणी त्यांच्याच मुलांनाही चुकलेली नाही. ज्या कार्यालयीन दाखल्याने ते 'जात' नसून 'जमात' आहेत हे सिद्ध करावयाचे, त्याचे नाव व्यवहारात 'जात प्रमाणपत्र' आणि त्याच्या तपासणीचे नाव 'जात पडताळणी' हेच आहे.

६

या समूहाने स्वतःविषयी काय लिहिले, हा प्रश्न आतापर्यंत बाजूला ठेवला होता. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे हे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक होते आणि 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील मराठीतील महत्त्वाचा ग्रंथ आहे. मॅकिंटॉशपासून घुर्यांपर्यंत ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्यातील एक अभ्यासक येथे प्रथमच विस्ताराने कर्ता झाला. या ग्रंथाचे शीर्षक सावकाश वाचावे. 'सह्याद्रीतील' या पदाने भूगोल परत आणला. 'आदिवासी' या पदाने घुर्यांच्या 'तथाकथित'ला उत्तर दिले. आणि 'महादेव कोळी' हा क्रम यादीचा नाही, बोलीचा आहे. चार पदांत तीन वादांवर भूमिका घेतलेली आहे.

या ग्रंथाचेही पुढे व्हायचे तेच झाले. तो स्वतः पडताळणीचा एक आधारग्रंथ बनला, आणि स्वतःच्या लोकांना दिलेले वर्णन त्यांच्याच परीक्षेची उत्तरपत्रिका झाले. यात लेखकाचा दोष नाही. वर्णनाचे प्रमाणात रूपांतर करणारी संस्थात्मक यंत्रणा कोणत्याही लेखकाला हे टाळू देत नाही.

मराठी समीक्षेने येथे स्वतःकडेही पाहावे. १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून 'आदिवासी साहित्य' म्हणजे आदिवासींनी लिहिलेले, आदिवासींविषयीचे, की आदिवासी जाणिवेचे, हा वाद आपण घालीत आलो आहोत. तो घालताना आपणही नकळत एक यादी करतो आणि एक आप्तभावाची चाचणी लावतो: निसर्ग आहे का, बोली आहे का, विद्रोह आहे का. मंचरच्या बाजारपेठेत दुकान टाकलेल्या महादेव कोळी माणसाने शहरी एकाकीपणावर कथा लिहिली तर ती कोणत्या वर्गात टाकावी, हे आपल्याला कळत नाही. तपासणी समितीला आपण हसतो, पण तिची प्रश्नावली आपल्या पाठ्यपुस्तकांतही आहे.

यावर यादी नको, असा निष्कर्ष काढणे सोपे आणि बेजबाबदार आहे. आंबेडकरांनी 'आदिवासी' ऐवजी गणना का निवडली, याचे कारण आजही कायम आहे. यादी नसती तर बलिष्ठांच्या व्युत्पत्तीपुढे दुर्बळांचे नाव टिकले नसते. आंबेगाव तालुक्याचे उदाहरण घ्या. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कारभार घोडेगावातून चालतो. तरी नाव चालू आहे आणि त्याच्या आधारे दाखले, सातबारे, हक्क चालू आहेत. नावाला वस्तूच्या आधी आणि वस्तूच्या नंतरही आयुष्य असते, आणि माणसांना अशा टिकाऊ नावाची गरज असते.

म्हणून नाव सोडावे असे नाही, तर ते ज्या कागदांमधून येथवर आले त्यांची चिकित्सा करावी, असे म्हणावयाचे आहे. एखाद्या जुन्या काव्याची प्रत हाती आली की आपण विचारतो: कोणी उतरविली, कोणासाठी, कोणत्या प्रतीवरून, कोठे गाळले, कोठे भर घातली. शाळेच्या जुन्या दाखल्याला, गॅझेटिअरमधील परिच्छेदाला, राजपत्रातील नोंदीला हेच प्रश्न विचारण्याचे शिक्षण भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याकडे असते. विधिज्ञाकडे आणि अधिकाऱ्याकडे ते असेलच असे नाही. 'होन्या' या रूपातील प्रत्यय ऐकू येणे, 'कोळी महादेव' मधील हरवलेला स्वल्पविराम दिसणे, नुसत्या 'कोळी' या नोंदीतील मौन कोठे संक्षेप आहे आणि कोठे भेद आहे हे गावागणिक सांगता येणे, ही कामे संहिताचिकित्सेची आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील पन्नासपूर्व शालेय आणि महसुली नोंदींची भाषा, त्यांतील संक्षेप, लेखनिकांच्या सवयी आणि शब्दांचे प्रदेशपरत्वे अर्थ यांचा पद्धतशीर अभ्यास मराठी विभागांनी हाती घेतला, तर लेण्यांतील 'गत' शब्दावर जेवढे श्रम झाले तेवढेच येथेही पुरतील. आणि त्याचा उपयोग ज्यांना होईल ती माणसे आज हयात आहेत.